पिसणाऱ्याचे हात

1932 साली अमेरिकेतल्या विचिटा शहराच्या तुरुंगात डाय व्हर्नन नावाचा जादूगार एका कैद्याला भेटायला गेला. कैदी मेक्सिकन होता, खुनाच्या आरोपाखाली आत होता, आणि पत्त्यांतल्या लबाडीची त्याला चांगली जाण होती. बोलता बोलता तो म्हणाला, कॅटच्या मधलं पान काढून वाटणारा एक माणूस मी पाहिलाय. व्हर्ननची झोपच उडाली.

चौघांत बसून ज्यांनी डाव खेळलाय त्यांना या वाक्याचं वजन लगेच कळेल. पिसणारा पिसतो, आणि त्यानं काही रचून ठेवलं असेल तर ते मोडावं म्हणून शेजाऱ्याला कॅट काटायला देतात. वर किंवा तळाला जमवून ठेवलेली पानं काटल्यावर मधे जाऊन पडतात आणि लबाडाचा डाव फसतो. काटणं हा सगळ्या खेळाचा पहारेकरी. पण मधूनच पान निघत असेल, तर पहारा कसला नि काय! व्हर्नन त्या माणसाच्या मागावर निघाला. जुगाऱ्यांकडे विचारपूस करत, धागा धागा जोडत तो मिसूरी राज्यातल्या प्लेझंट हिल नावाच्या छोट्या गावात पोचला. तिथं त्याला ॲलन केनेडी भेटला, आणि केनेडीनं ती चाल त्याला करून दाखवली. त्या काळातला पत्त्यांचा सगळ्यात जाणता जादूगार एका चालीसाठी एवढा भटकला.

चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं गाव. तिथल्या एखाद्या पोराला आज हीच चाल बघायची झाली तर त्याला ओसरीवरून उठावंही लागत नाही. यूट्यूबवर ‘सेंटर डील’ टाकलं की वेगवेगळ्या हातांचे व्हिडिओ समोर येतात. जवळून, संथ गतीत आणि फुकट. यूट्यूब 2005 पासून आहे खरा, पण खेड्यात तो हवा तसा चालू लागला सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर. त्याआधी एक जीबीचं पॅक महिनाभर पुरवायचं असायचं. दहा मिनिटांचा व्हिडिओ चार वेळा मागे-पुढे करून बघणं ही चैन होती. आता दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडासोबतही फोन जातोच, आणि पत्त्यांचा कॅट ही काही वेगळी बांधाबांध करावी लागेल अशी चीज नाही. रंगमंचावरची जादू शिकायची तर पेट्या, पडदे, आरसे लागतात. इथं बावन्न पानं आणि दोन हात एवढ्यावर भागतं.

मग सगळी गुपितं खिशात आल्यावर गावोगाव जादूगार का झाले नाहीत? उत्तराचा थोडा भाग बोटांत आहे, थोडा पत्त्यांच्या कागदात, आणि बराचसा पुढ्यात बसलेल्या माणसांत.

आपल्याकडे हातचलाखी शिकायची तर त्या घरात जन्मावं लागे. मदाऱ्याचं पोर चालायला लागलं की जमुरा होऊन उस्तादापुढं उभं राहायचं. वाट्या-गोळ्यांचा खेळ रोज डोळ्यांसमोर व्हायचा. समजावून कुणी सांगत नसे. चुकलं की टपली बसे, आणि चूक कुठं झाली ते टपलीच्या वेळेवरून ओळखायचं. रंगमंचावरची जादूही अशीच घरात मुरली. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे (1924–1984), यांनी मराठी मुलखात जादूचे प्रयोग गाजवले. त्यांच्यामागे मुलगा विजय आणि नंतर नातू जितेंद्र याच वाटेनं गेले. घराबाहेरच्या हौशी माणसाच्या वाट्याला यायचं ते पुस्तक.

पत्त्यांच्या बाबतीत ते पुस्तक म्हणजे 1902 साली शिकागोत निघालेलं ‘द एक्सपर्ट ॲट द कार्ड टेबल’. लेखकाचं नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे टोपणनाव, त्यामागचा खरा माणूस कोण, यावर आजही वाद चालू आहेत. व्हर्ननच्या हाती हे पुस्तक कॅनडातल्या ओटावात लहानपणीच पडलं आणि त्यानं ते घोटून घोटून पाठ केलं. पुस्तकातून शिकणं भलतं हळू असतं. करंगळीचं टोक अमुक कडेखाली, अंगठा तमुक कोपऱ्यावर, असं एक वाक्य वाचायचं, हात तसा करून बघायचा, पुन्हा पुस्तकात डोकं घालायचं. पण त्यात एक गोम होती. पुस्तकातल्या चित्रात हालचाल नसते, म्हणून दोन चित्रांमधली हालचाल ज्याची त्याला घडवावी लागे. त्यामुळे एकाच पुस्तकावर वाढलेल्या दोघांचे हात सारखे होत नसत. आज व्हिडिओवर शिकलेली दहा पोरं एका ओळीत बसवा. दहाही जणांची मान एकाच बाजूला कलते, चुटकी एकाच क्षणी वाजते, आणि घरी मराठीशिवाय दुसरी भाषा न बोलणारं पोरगंसुद्धा ‘पिक अ कार्ड, एनी कार्ड’ म्हणतं. चालीबरोबर अख्खा माणूसच उचललेला असतो.

तरी व्हिडिओला नावं ठेवणं सोपं आहे, आणि थोडं कृतघ्नपणाचंही. पुस्तकाला जे कधीच देता आलं नाही ते व्हिडिओ देतो, आणि ते म्हणजे ताल. चाल किती वेळात होते, तिच्याआधी हात किती निवांत असतो, झाल्यावर किती क्षण काहीच होत नाही, हे शब्दांत मावत नाही. आणि हाताला भाषा नसते. शिकवणारा स्पॅनिश बोलत असला तरी त्याची करंगळी कुठं आहे ते चकलांब्यात कळतं.

अडचणी वेगळ्याच ठिकाणी येतात. समोर तोंड करून शिकवणाऱ्याचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, आणि शिकणारा नकळत आरशासारखी नक्कल करतो. पंधरा दिवस रियाज केल्यावर कळतं की, कॅट उलट्याच हातात आहे. बरे शिक्षक म्हणूनच एक कॅमेरा स्वतःच्या खांद्यावरून लावतात, म्हणजे पडद्यावरचे हात आपल्या हातांच्या जागी येतात. वेगाचंही तसंच. यूट्यूबवर वेग पाव करता येतो. बोटं कुठं जातात हे शोधायला ही सोय उत्तम. पण रियाजही पाव वेगात केला की चाल हळू राहत नाही, ती वेगळीच होऊन बसते. हळू उचललेल्या पानाला बोटं जो दाब देतात तो वेगात उचललेल्या पानाला चालत नाही.

सगळ्यात मोठी उणीव अशी की, व्हिडिओ आपल्याकडे बघत नाही. उस्ताद बघत असे. आरशापुढं बसून ही उणीव भरून काढता येईल असं वाटतं, पण तिथंही डोळे दगा देतात. ऐन चालीच्या क्षणी शिकणारा पापणी मिटतो. आपली चोरी आपल्यालाच दिसू नये, अशी ही शरीराची सोय आहे, आणि जादूगारांच्या गोतावळ्यात ती जुन्या काळापासून ठाऊक आहे. उपाय सोपा आहे आणि फोनमध्येच आहे: मागच्या कॅमेऱ्यानं, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून स्वतःचं चित्रण करायचं, आणि आवाज बंद करून बघायचं. पुढच्या कॅमेऱ्यात आपण स्वतःला आरशासारखे दिसतो, त्यामुळे तो या कामाचा नाही.

न बघता शिकलेलेही आहेत. टेक्सासचे रिचर्ड टर्नर यांची दृष्टी लहानपणीच जाऊ लागली. पत्त्यांवरचा त्यांचा हात व्हर्नन यांच्या नजरेखाली तयार झाला आणि 2017 साली त्यांच्यावर ‘डेल्ट’ हा माहितीपट निघाला. अर्जेंटिनाचे रेने लावांद (1928–2015) यांचा उजवा हात नऊ वर्षांचे असताना अपघातात गेला. सगळी पुस्तकं दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली, म्हणून त्यांनी एका डाव्या हाताची स्वतःची पद्धत बसवली. तीही इतकी संथ की, बघणाऱ्याला पळवाट उरू नये.

आता एक चाल जवळून बघू. तिचं नाव ‘डबल लिफ्ट’. गुपित फोडलं म्हणून जादूगार मंडळींनी रागावू नये. हे पहिल्या धड्यातलं आहे.

कॅट डाव्या हातात. अंगठा लांबट डाव्या कडेवर, तर्जनी पुढच्या कडेला, उरलेली तीन बोटं उजव्या कडेला. उजव्या हाताच्या अंगठ्यानं मागच्या कडेची वरची दोनच पानं केसभर उचलायची आणि त्या फटीत डाव्या करंगळीच्या टोकाचं मांस अडकवायचं. या फटीला ‘ब्रेक’ म्हणतात. पुढची कड मिटलेली असते, त्यामुळे समोरच्याला काही दिसत नाही. मग ती दोन पानं एकच असल्यासारखी उलटायची. दिसतो, समजा, बदामचा गुलाम. बघणाऱ्याच्या लेखी तो सगळ्यात वरचा. खरं तर तो वरून दुसरा. दोन्ही पानं परत पालथी घालायची आणि वरचं पान काढून जमिनीवर ठेवायचं. खाली गुलामच आहे हे समोरचा माणूस शपथेवर सांगेल. गुलाम अजून कॅटवरच बसलेला असतो.

पत्त्याची जाडी साधारण 0.3 मिलिमीटर, बावन्न पानांचा कॅट दीड सेंटिमीटरच्या आसपास. एकाऐवजी दोन पानं म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पुढं. दोन हातांवरून ते कुणाला दिसत नाही. चाल पकडली जाते ती काळजीमुळे. एक पान माणूस बेफिकीर उलटतो, बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता. दोन उलटताना तो श्वास धरतो, खांदे आखडतो, पान जपून परत ठेवतो. समोरच्याला काय झालं ते कळत नाही, पण काहीतरी झालं एवढं कळतं, आणि तेवढ्यानं सगळं मुसळ केरात. म्हणून ही चाल शिकायची ती उलट टोकाकडून. आधी आपण एकच पान कसं उलटतो ते नीट न्याहाळायचं, मग दोन पानं तशीच उलटायची. बहुतेक व्हिडिओ याच्या उलट जातात: आधी दोन पानं देखणी उलटायला शिकवतात, आणि मग शिकणारा आयुष्यभर एक पानसुद्धा संशय यावा असं उलटतो.

कागदाचा भाग राहिलाच. व्हिडिओतले पत्ते बहुधा ‘बायसिकल’ छापाचे असतात. हा छाप अमेरिकेत 1885 पासून निघतो. पान कागदाचं, आणि त्यावर बारीक खळगे उठवलेले. त्यांत हवा राहते आणि पानावरून पान एकसारखं सरकतं. किराणा दुकानातला कॅट निराळा. त्यावर प्लास्टिकचा गुळगुळीत थर असतो. नवा असताना पान निसटतं, आणि उन्हाळ्यात घामेजल्या हातांत चार दिवस फिरला की पानाला पान चिकटतं. पंखा पसरायला जावं तर मधेच गठ्ठे पडतात. पोराला वाटतं आपली बोटं जड आहेत. बोटं बरी असतात, कागद दुसरा असतो. यातही एक गंमत आहे: चिकट पानांवर डबल लिफ्ट उलट सोपी जाते, कारण दोन्ही पानं एकमेकांना सोडत नाहीत.

पण गावातल्या पोराकडे एक भांडवल असं आहे की, ते त्याच्या गावीही नसतं. ते म्हणजे त्याचं पिसणं.

पाश्चात्त्य देशांत जुगाराच्या टेबलावर कॅटचे दोन भाग करतात आणि त्यांचे कोपरे खर्रकन एकमेकांत सोडतात. आपण तसं करत नाही. आपण कॅट एका हातात लांबट कडांनी धरतो, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वरून चार-सहा पानांचा झुबका ओढतो, तळहातावर पाडतो, त्यावर पुढचा झुबका, त्यावर आणखी एक. जगभरच्या जादूच्या पुस्तकांत या पद्धतीला ‘हिंदू शफल’ असं नाव आहे आणि परदेशातली पोरं ती व्हिडिओ लावून मुद्दाम शिकतात. चकलांब्यात ती पाचवीतल्या पोराला सुट्टीत बदाम सात खेळता खेळता येते.

आता या पिसण्याकडे जादूगाराच्या नजरेनं बघा. झुबके वरून निघतात. म्हणजे धरलेल्या गठ्ठ्याचं तळाचं पान शेवटपर्यंत हलत नाही. ते पान आधी चोरून बघून ठेवलं, पिसायला सुरुवात केली आणि समोरच्याला म्हटलं, ‘वाटेल तिथं थांबवा’. त्यानं थांबवलं की हातातला गठ्ठा उभा करून तळाचं पान त्याच्याकडे करायचं. त्याला वाटतं, मी थांबवलं तिथलं हे पान. ते केव्हाचं ठरलेलं असतं. यात ना बोटांची कसरत, ना फट. शिवाय ही हालचाल गावात इतकी रोजची आहे की, तिच्याकडे कुणी बघतच नाही. अमेरिकेत हेच कुणी केलं तर ‘हा असा का पिसतोय?’ ही पहिली शंका येते. इथं कुणी खर्रकन पिसलं तर येते. व्हिडिओ बघून शिकलेलं पोर नेमकं तेच करतं: हातात असलेलं सोनं टाकून परक्या पद्धतीनं पिसायला शिकतं, आणि पारावर बसलेल्यांचे कान टवकारतात.

या पिसण्याला गणिताचीही जोड आहे. पर्सी डायकोनिस हा अमेरिकन मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून व्हर्ननबरोबर भटकायला निघाला. पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. 1992 साली त्यानं डेव्ह बेयर यांच्यासोबत सिद्ध करून दाखवलं की, कोपरे एकमेकांत सोडून पिसलं तर बावन्न पानं नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसणं पुरतं. झुबके ओढून पिसण्याचं तसं नाही. तितकीच मिसळण व्हायला हजारो वेळा पिसावं लागेल. याचा पुरावा कुठल्याही मेंढीकोटाच्या डावात मिळतो. मागच्या डावात एकाच रंगाची चार-चार पानं हात म्हणून गोळा झालेली असतात. दोन-तीनदा पिसून वाटलं की तीच पानं झुबक्यानं पुढच्या डावात उतरतात आणि एखाद्याच्या हातात किलवरची रांगच लागते. लोक म्हणतात, नशीब उघडलं. नशिबाचा संबंध नाही. पिसणं कच्चं आहे. हे ज्याला माहीत आहे त्याला पिसून झालेल्या कॅटमध्येही कुठलं पान कुणाच्या शेजारी असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि पत्त्यांची अर्धी जादू या अंदाजावर चालते.

बोटं जमली, कागद समजला, तरी डोळ्यांचा प्रश्न उरतो. 2006 साली इंग्लंडमध्ये गुस्ताव्ह कून आणि मायकल लँड यांनी एक साधा प्रयोग केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकून झेलतो. तिसऱ्या वेळी फेकल्याचा नुसता आव आणतो आणि चेंडू हातातच ठेवतो. हा आव आणताना जादूगाराची नजर वर गेली, तर बघणाऱ्या तिघांपैकी साधारण दोघांना हातात राहिलेला चेंडू वर जाताना दिसला! नजर हातावरच राहिली, तर हे प्रमाण तिघांत एकावर आलं. बघणाऱ्यांची नजर कुठं जाते हे यंत्रानं टिपलं, तेव्हा लक्षात आलं की, ते चेंडूआधी जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते.

व्हिडिओ नेमका इथं चुकीची सवय लावतो. शिकताना पोरगा तासन्तास स्वतःच्या बोटांकडे बघत असतो, आणि करून दाखवतानाही तिकडेच बघतो. मग सगळं कोंडाळं तिकडे बघतं. करंगळी फटीत जाते त्या क्षणी मान वर करून समोरच्याला ‘काय आबा, कापूस वेचून झाला का?’ विचारता आलं पाहिजे. कापसाचा भाव विचारला तर आणखी बरं, कारण मग आबा पत्ते विसरूनच बोलायला लागतात. हे कुठल्याही व्हिडिओत नाही.

आबांचा विषय निघालाच आहे, तर पाराकडे येऊ. पडद्यावरची जादू एका डोळ्यासाठी असते. कॅमेरा समोर असतो, हलत नाही, बाजूला येऊन वाकून बघत नाही. त्या एका डोळ्यासाठीही मोठी कला घडू शकते, यात वाद नाही. जुलै 2025 मध्ये इटलीतल्या तोरिनोत भरलेल्या जागतिक जादू स्पर्धेत सुहानी शाह यांना ऑनलाइन जादूसाठी गौरवलं गेलं. पण पारावर लोक तिन्ही बाजूंनी बसतात, चौथ्या बाजूला पोरं उभी असतात, आणि एखादं झाडावर. करंगळीची फट मागून लख्ख दिसते. मदारी कायम गर्दीच्या मधोमध खेळ करत आला, म्हणून त्याच्या चाली चौफेर नजरेला पुरून उरतात: जमिनीवर बसणं, वस्तू मांडीलगत ठेवणं, अंगरख्याच्या बाहीवर अवलंबून न राहणं. पारावर पत्ते दाखवणाऱ्यानं स्टुडिओतल्या मखमली टेबलाआधी मदाऱ्याचं बसणं बघावं. निदान पाठ भिंतीला तरी लावावी.

आणि पारावरची माणसं नुसती प्रेक्षक नसतात, ती पत्ते खेळणारी असतात.

‘आबा, एक पान वढा बरं.’

‘वढतो की. पर आदी कॅट हिकडं आण, म्या पिसतो.’

व्हिडिओतला पाहुणा असं कधीच म्हणत नाही. तो सांगितलेलं पान निमूट घेतो आणि वेळेवर तोंडाचा आ करतो. आबांना नाही म्हटलं की खेळ संपला. द्यावा कॅट, पिसू द्यावा मनसोक्त. परत घेताना, कॅट जमिनीवर ठोकून सारखा करता करता, तळाचं पान ओझरतं टिपता येतं. तेवढं एक पान पुरतं. आबांनी ओढलेलं पान वर ठेवायला सांगायचं, त्यांनाच काटायला लावायचं. टिपलेलं पान आता त्यांच्या पानाच्या डोक्यावर येऊन बसतं. मग पानं एकेक करून उलटी मांडत जायचं. आपलं ओळखीचं पान आलं की पुढचं त्यांचं. आबांनी स्वतः पिसलं आणि स्वतः काटलं, त्यामुळे ही जादू मूळच्यापेक्षा दुप्पट मोठी दिसते.

पारावर आणखी एक अडचण असते. पत्त्यांचं नाव आपल्याकडे वाईट. ‘पत्ते कुटत बसलाय’ म्हटलं की पोराबद्दल पुढं काही सांगावं लागत नाही, आणि जुगारावरचा मूळचा 1887 चा कायदा महाराष्ट्रात आजही चालू आहे. म्हणून पैशांची पैज जादूत कधी आणू नये, गंमत म्हणूनसुद्धा. हाताचा फार तोराही मिरवू नये. एका हातानं कॅट कापणं, पानं हवेत उडवणं, फुलासारखी फिरवणं, याचे व्हिडिओ तरण्या पोरांना सगळ्यात जास्त ओढतात. दिसतं छानच. पण ज्याचे हात असे चालतात त्यानं पुढं काहीही केलं तरी लोक म्हणतात, ‘हात बघ की त्याचा’. चमत्काराला स्पष्टीकरण मिळालं की चमत्कार संपला. पत्त्यांतला लबाड आपलं कसब लपवतो. जादूगारानं ही एक गोष्ट त्याच्याकडून जरूर घ्यावी.

मराठवाड्यात मनातलं पान ओळखून दाखवण्याला आणखी एक पदर आहे. भानामती, करणी यांची भीती इथून पुरती गेलेली नाही. मनातलं पान सांगणाऱ्या पोराला कुणी उद्या हरवलेलं डोरलं कुठं आहे ते विचारायला आलं, तर त्यात नवल नाही. त्या क्षणी ‘ही हातचलाखी आहे’ म्हणायचं की नुसतं हसायचं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थानं 1584 सालीच याचं उत्तर देऊन ठेवलंय. चेटकिणी म्हणून बायकांना मारत होते त्या काळात त्यानं एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात गोळ्यांच्या, नाण्यांच्या, पत्त्यांच्या युक्त्या उलगडून दाखवल्या. म्हणणं एवढंच की, हे माणसाच्या हातांचं काम आहे, सैतानाचं नाही. इंग्रजीत हातचलाखी छापून शिकवण्याची सुरुवात अशी अंधश्रद्धेविरुद्धच्या पुस्तकातून झाली. पुढे इंग्लंडच्या गादीवर आलेल्या जेम्स राजानं 1597 साली चेटकावरचं स्वतःचं पुस्तक काढून त्यात स्कॉटचं नाव घेऊन समाचार घेतला.

आपल्याकडे हेच काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं केलं. 1989 साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते शाळांत, चावडीवर बाबा-बुवांचे चमत्कार आधी करून दाखवत आणि मग उलगडत: हातातून निघणारी विभूती, पाण्यानं पेटणारा दिवा. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. चमत्कार केल्याचा दावा करून लोकांना फसवणं, त्यावर पैसे कमावणं या कायद्यानं गुन्हा ठरतं. पत्त्यांची जादू करणारा ‘ही युक्ती आहे’ असं आधीच सांगतो आणि तरी फसवतो. दोहोंत फरक आहे तो एवढाच, आणि तो जपायला सोपा आहे. मनातलं ओळखण्याचे जे व्हिडिओ ‘सिद्धी’, ‘शक्ती’ असल्या नावांनी फिरतात ते मला म्हणूनच आवडत नाहीत. युक्ती तीच असते, वर फक्त खोटं नाव चिकटवलेलं असतं.

सगळं नीट झालं की पारावरून हमखास फर्मान सुटतं: ‘पुन्यांदा कर बरं.’ जुना नियम असा की, एक जादू एकाच माणसापुढं दोनदा करू नये. पण आबा ऐकणार नाहीत, आणि जादूगार हुडिनीही ऐकत नसे. एकच युक्ती लागोपाठ तीनदा दाखवा, मी ती ओळखून दाखवतो, अशी त्याची फुशारकी होती. 1922 साली शिकागोतल्या एका हॉटेलात व्हर्नननं त्याला एका पानावर सही करायला लावली, पान वरून दुसरं ठेवलं, आणि ते वर आलेलं दाखवलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. तीन वेळा उलटून गेल्या तरी हुडिनीला उलगडा होईना. ‘हुडिनीला फसवणारा माणूस’ ही उपाधी व्हर्ननला जन्मभर चिकटली.

वर येत राहणाऱ्या त्या पानाची जादू आज कुठल्याही पोराला फोनवर शिकता येते, आणि आबांच्या फर्मानावर तीच उतारा आहे, कारण तिच्यात ‘पुन्हा’ हाच खेळ असतो. मात्र प्रत्येक खेपेला वाट बदलावी लागते. पहिल्यांदा डबल लिफ्टनं. दुसऱ्या खेपेला पिसता पिसता, झुबक्याआड पान वर राखून. तिसऱ्या खेपेला पुन्हा डबल लिफ्ट, पण आता पान आबांच्याच हातानं कॅटच्या मधे खुपसायला लावून. यावर आबा कॅट हिसकावून घेणार हे धरूनच चालायचं. म्हणून शेवटच्या फेरीत कुठलीच चलाखी शिल्लक ठेवायची नाही. त्यांचं पान आधीच खरोखर वर आणून ठेवायचं, तिथं एकच पान असू द्यायचं, कॅट त्यांच्या पुढ्यात सरकवायचा, आणि उलटायचं काम त्यांच्याकडे सोपवून पाणी प्यायला उठायचं.